‘नको’ची लाखोली

गेल्या महिन्यात एका सकाळी मी देवघरासमोर रिकामी वाटी आणि मूठभर तांदूळ घेऊन बसलो. पूजेसाठी नव्हे, मोजणीसाठी. आमची नात दहा महिन्यांची आहे. घरात तिला चिऊ म्हणतात. तिला कुणीही ‘नको’ म्हटलं की वाटीत एक दाणा टाकायचा, असं मी ठरवलं. ‘नको’ माझा असेल तर अख्खा तांदूळ, दुसऱ्या कुणाचा असेल तर कणी. लोक गणपतीला दूर्वांची लाखोली वाहतात, महादेवाला बेलाची. आपण नातीला कसली वाहतो ते बघू म्हटलं. दुपारी ती झोपल्यावर दाणे मोजले. ६१ भरले. त्यातले ४४ अख्खे होते.

आता थोडं माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे हा आकडा कळेल. साताऱ्यात ३४ वर्षं सरकारी नोकरी केली. सकाळची पूजा माझ्याकडे असायची आणि ती १२ मिनिटांत व्हायची. देव ताम्हनात घ्यायचे, पाणी घालायचं, पुसायचे, गंध, फूल, निरांजन, घंटा. की लगेच पायात चपला. हात आपोआप चालायचे आणि डोकं कचेरीतल्या फायलींत असायचं. निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे आलो, देवही बरोबर आले. पालीच्या खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शाळीग्राम. गाव सुटलं, नोकरी सुटली. ती १२ मिनिटं मात्र सुटली नाहीत. कुठं जायचं नसतानाही मी रोज उशीर झाल्यासारखी पूजा करायचो.

मग चिऊ रांगायला लागली. रांगणारं मूल घरातल्या दोन ठिकाणी हमखास पोचतं, एक स्वयंपाकघर आणि दुसरं देवघर. कारण जमिनीलगत बसून माणसं काहीतरी करत असतात त्या जागा याच. बाकी सगळं घर तिच्या डोक्यावरून चालतं. टेबलं, टीव्ही, सगळं वर. देवघरासमोर मात्र आजोबा तिच्या उंचीवर बसलेले, समोर चकचकीत भांडी, पाण्याचा आवाज, ज्योत, लाल-पिवळे रंग. तिला वाटणारच की ही मांडामांड खास आपल्यासाठी केलेली आहे.

पहिल्या दिवशी तिनं घंटा धरली. वरच्या दांड्याला नव्हे, खालच्या पोटाला धरली आणि जोरजोरात हलवली. आवाज आला नाही. नुसता ‘थड्थड्’. तिनं घंटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सवयीनं म्हणालो, “नको चिऊ, दे ती,” आणि काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मात्र तांदळाची वाटी समोर होती, म्हणून मी गप्प बसलो. तिनं घंटा पालथी केली, चाटली, आतला लोळा बोटानं ढकलला. तो हलतो हे कळल्यावर परत ढकलला. शेवटी कधीतरी घंटा हातातून निसटता निसटता तिच्या मुठीत दांडा आला आणि घंटा खणखणली. चिऊ दचकली. थांबली. मग तिनं मुद्दाम दुसरा हात घंटेच्या पोटाला लावला, आवाज बंद. काढला, आवाज सुरू. लावला, बंद. पितळ मोकळं असेल तरच थरथरतं आणि वाजतं. हाताच्या पकडीत तो थरकाप विरून जातो. एवढी साधी गोष्ट. मी ती घंटा रोज वाजवतो. दांड्यावर गरुड बसवलाय, तो धरायला असतो हेही मला ठाऊक आहे. पण तो तिथं नसता तर काय झालं असतं, हा विचार या डोक्यात कधी आला नव्हता.

घंटेनंतर पळीची पाळी आली. पाटावर टाकली की ‘टक’. फरशीवर ‘ठण्ण’. सतरंजीवर काहीच नाही. सतरंजीशी तिचं पटेना. तिथं तिनं पळी पुन्हा पुन्हा टाकून पाहिली, जणू सतरंजी काहीतरी लपवतेय. मी उचलून द्यायचो, ती टाकायची. आमच्या हिनं बालवाडीत आयुष्य काढलंय. ती दारातून बघत होती. म्हणाली, “अहो, ती खोड्या काढत नाहीये. तपासतेय.” मग तिनं मला ताराबाई मोडकांबद्दल सांगितलं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या आदिवासी मुलांसाठी महागडी साधनं कुठून आणणार? त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले, जे आजूबाजूला पडलेलं होतं त्यालाच साधन केलं. “आणि आपल्याकडे पळी-पंचपात्र आहे, ताम्हन आहे, शंखही आहे,” ही म्हणाली, “तुम्ही मात्र मॉलमधून अडीच हजारांचं गाणारं अस्वल आणलंत.” अस्वलाबद्दल बोलू नये. चिऊला त्याचं खोकं आवडलं.

संध्याकाळी वाटी घेऊन मी घरच्यांसमोर बसलो. हिशेबच द्यायचा होता. सुनेला म्हटलं, “बघ, ६१. यातले किती खरे आणि किती उगीच?” सुनेनं मन लावून यादी केली आणि ती ऐकून मी थोडा हादरलो. मला ज्या गोष्टी निरुपद्रवी वाटत होत्या त्याच नेमक्या धोक्याच्या निघाल्या. कापराची डबी मी खुशाल पाटाशेजारी ठेवायचो. कापूर लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येऊ शकतात. मुलानं हौसेनं आणलेलं सेलवरचं निरांजन, ज्योत खोटी म्हणून मला सुरक्षित वाटायचं. त्याच्या पोटात बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन-तीन तासांतही मोठी इजा होते. प्रसादाचे फुटाणे आणि खडीसाखर घशात अडकतात. दक्षिणेचं नाणंही तसंच. आणि पंचामृत! त्यात मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, कारण कधीकधी त्यात असे जीवाणू असतात की मोठ्यांचं ते काही बिघडवत नाहीत, पण बाळाच्या कोवळ्या आतड्यात वाढून विष तयार करतात. आमच्या लहानपणी मधाचं बोट हे बाळाचं पहिलं कौतुक असायचं. आता चिऊच्या वाटणीला मध नाही, साखरही नाही. तिचं पंचामृत म्हणजे नुसतं दह्याचं बोट. चाटताना ती डोळे मिटते, त्यावरून चार अमृतं कमी पडल्याचं दिसत नाही.

ती सगळी मंडळी त्याच रात्री वरच्या फळीवर गेली. काडेपेटी आणि समईचं तेलही गेलं. तुपाचं निरांजन मी आता शेवटी लावतो, तेही ती कुणाच्या तरी कडेवर असताना. तिथं ‘नको’ आहेच. ‘हाऽऽ, भाजतं!’ आहे. आणि गंमत अशी की बाकीचे ‘नको’ कमी झाल्यापासून या एका ‘हाऽऽ’ला ती खरंच थबकते. पूर्वी घंटेलाही तोच आवाज, पळीलाही तोच, फुलांनाही तोच. मग ज्योतीच्या ‘नको’त काही वेगळं आहे हे तिला कळावं कसं?

उरलेल्या दाण्यांचं काय? मी खूप विचार केला. फूल ओढू नको. गंधात बोट घालू नको. पाण्यात हात नको. देवाला उचलू नको. यातल्या एकाही गोष्टीनं तिला काही होणार नव्हतं. देवालाही नव्हतं. त्रास फक्त माझ्या १२ मिनिटांना होता. बहुतेक ‘नको’ घड्याळानं म्हटलेले होते आणि तोंड माझं वापरलं होतं. बरं, ज्याला ८.१० ची बस गाठायचीय त्यानं असं म्हणावं हे मी समजू शकतो. मी कुठली बस गाठत होतो?

देवाला शिवण्यावरून आठवलं. माझी आजी सोवळ्यात असायची. त्या वेळी तिच्या जवळपासही फिरकायची सोय नव्हती. पण घरातलं सगळ्यांत धाकटं पोर रडत आलं तर तिनं त्यावर तोड काढलेली होती. “कपडे काढून टाक आणि ये.” विटाळ कपड्यांत, मुलात नाही, असा तिचा सरळ हिशेब. मग ते नागडं पोर तिच्या मांडीवर बसून नैवेद्याच्या पानाकडे बघत बसायचं. इतकी कडक बाई, पण दाराला एवढी फट तिनं ठेवली होती. माझ्याकडे सोवळं राहिलं नाही. फटही राहिली नव्हती.

आमचा बाळकृष्ण हिच्या माहेरचा. लग्नात अन्नपूर्णेबरोबर आला. जेमतेम दोन बोटं उंच. एक हात आणि गुडघे टेकलेले, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, मान वर. ४० वर्षं मी त्याला आंघोळ घालतोय आणि मला तो ‘मूर्ती’ वाटत होता. परवा चिऊ एका हातात पळी घेऊन रांगत आली. पळी सोडायची नाही आणि पुढेही यायचं, म्हणून एक हात वर धरून, तीन पायांच्या स्टुलासारखी डुगडुगत. अर्ध्या वाटेत थांबली आणि मान वर करून बघायला लागली. मी ताम्हनातल्या कृष्णाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ज्या कुणी कारागिरानं पहिल्यांदा हा घडवला त्याच्या घरात रांगतं मूल होतं, यावर मी पैज लावायला तयार आहे. देव कसा दिसतो हे विचारायला तो लांब कुठं गेला नसावा.

भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्णानं माती खाल्ल्याची गोष्ट आहे. यशोदा म्हणते, तोंड उघड बघू. आणि आत तिला सारं विश्व दिसतं. लहानपणापासून ती ऐकताना माझं लक्ष नेहमी विश्वाकडे जायचं. आता ‘तोंड उघड बघू’ याच्याकडे जातं. आमच्या घरात हे वाक्य दिवसातून दहादा होतं. चिऊच्या तोंडात आजवर सापडलेलं विश्व असं: अर्धं तुळशीचं पान, वातीचा कापूस, जास्वंदीचा परागकोश, माझ्या चष्म्याची दोरी. या वयाला ओठ आणि जीभ हेच तिचे सगळ्यांत तरबेज हात आहेत. गोष्ट गार आहे की कोमट, खरखरीत की गुळगुळीत, हे ती आधी तोंडाला विचारते. त्याच स्कंधात पुढे यशोदा कृष्णाला उखळाला बांधायला जाते आणि दोरी प्रत्येक वेळी दोन बोटं कमी पडते. नवी दोरी जोडली, तरी दोन बोटं कमी. याचे मोठमोठे अर्थ लावलेत, ते असोत. फुलांची परडी चिऊच्या हाताला लागू नये म्हणून आम्ही ती दर आठवड्याला वर सरकवतो आणि दर आठवड्याला आमचा अंदाज दोन बोटं चुकतो.

आता सकाळी मी पूजेला पाच मिनिटं लवकर बसतो. एवढाच बदल केला. ती पाच मिनिटं चिऊची. तेवढ्या वेळात ‘नको’ऐवजी ‘बघ’ म्हणायचं, हा नेम. गंध उगाळताना तिचं बोट सहाणेवर टेकवायचं, बघ, गार. तगरीचं फूल तिच्या तळहातावर ठेवायचं, बघ, हलकं. मी तिला फार काही शिकवत नाही. उलट ‘बघ’ म्हणायचं तर आधी मला बघावं लागतं, ही त्यातली अडचण आहे. शाळीग्राम ओला झाला की जास्त काळा दिसतो. ताम्हनातलं पाणी हललं की त्याचा उजेड छतावर हलतो. हे दुसरं चिऊनं दाखवलं. मी खाली बघत होतो, ती वर बघून हसत होती.

कधी मी बाळकृष्णावर पुसायचं फडकं टाकतो. चार महिन्यांपूर्वी असं काही झाकलं की ती लगेच दुसरीकडे बघायची. तिच्या लेखी ते संपलं. आता फडकं ओढते आणि खालचा कृष्ण बघून चीत्कारते. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी आपल्या स्वतःच्या तीन मुलांना असंच तासन्‌तास न्याहाळलं होतं, ही सांगत होती. आठव्या महिन्याच्या आसपास मूल झाकलेली वस्तू शोधायला लागते, असं त्यांनी लिहिलंय. दिसत नाही म्हणजे नाही, इथून सुरुवात, आणि मग दिसत नाही पण आहे. चिऊ दहा महिन्यांत तिथं पोचली. देवाच्या बाबतीत मी पासष्टीलाही काही दिवस अलीकडे असतो, काही दिवस पलीकडे.

वाटी अजून तिथेच असते. काल संध्याकाळी ११ दाणे होते, सहा अख्खे. त्यातले तीन निरांजनाचे आणि एक तिनं माझी मिशी ओढल्याचा. तो मी बाद धरत नाही.

आज सकाळची गोष्ट सांगून थांबतो. सुनेला कंपनीची गाडी न्यायला येते, साडेआठला. डबा भरून, पर्स खांद्याला लावून ती घाईनं बाहेर निघाली. चिऊनं घंटा उचललेली पाहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “नको गं बाई.” मी काही बोललो नाही. नुसती तांदळाची एक कणी उचलली. ती हसली. चपला काढल्या आणि पर्ससकट पाटाच्या कडेला टेकली. चिऊ घंटा घेऊन तिच्याकडे सरकली आणि तिनं ती आईपुढे केली, गरुडाचं टोक आईकडे. सुनेनं दांडा धरला, वाजवली. चिऊनं पोटाला हात लावला, आवाज थांबला. हात काढला. “वाजव,” असं म्हणता येत नाही तिला अजून. पण ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. सुनेनं पुन्हा वाजवली. इतक्यात खाली गाडीचा हॉर्न झाला. चिऊनं झटकन खिडकीकडे मान वळवली, क्षणभर थांबली आणि मग घंटेच्या पोटावर हात ठेवून बघितलं. हॉर्न थांबला नाही.